रुसवा काढणारे पोपटनाना

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात खान्देशी माणसाच्या घरी लग्न निघालं, की हॉल आणि आचारी ठरायच्या आधी एक चौकशी होते. पोपटनाना मोकळे आहेत का? नाना मोकळे नाहीत म्हणून लग्नाची तारीख पुढे गेलेली लोकांनी पाहिली आहे. नवरदेवाला सुट्टी नाही म्हणून तारीख बदलल्याचं मात्र कोणाच्या ऐकण्यात नाही.

बरं, नाना करतात काय? स्वयंपाकाकडे ते फिरकत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत, आणि मंगलाष्टकं चालू असताना तर बहुतेक वेळा हॉलच्या बाहेरच असतात. नाना रुसवे काढतात.

खान्देशातून माणसं सुरतेला आली ती कापड विणायच्या लूम चालवायला. येताना भांडीकुंडी थोडीच आणली, पण मानपान सगळाच्या सगळा आणला. लग्नात सोयऱ्याला पाटावर बसवायचं, कपाळाला कुंकू लावायचं, हातात नारळ द्यायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि डोक्यावर पांढरी टोपी घालायची. एवढं झालं की सोयरीक पक्की. यात कोणी राहून गेलं, की तो माणूस पंगतीतून उठतो आणि पार्किंगमधल्या एखाद्या मोटरसायकलवर जाऊन बसतो, तीही सगळ्यांना दिसेल अशी बघून. घरी जात नाही. घरी गेला तर रुसला हे कळणार कोणाला?

मग नाना निघतात. रुसवा काढायचं त्यांचं शास्त्र पक्कं आहे. एकदा जाऊन भागत नाही. पहिल्यांदा गेलं की रुसलेला माणूस नुसती मान फिरवतो. दुसऱ्यांदा गेलं की बोलतो, म्हणजे जुनं सगळं उकरून काढतो. तिसऱ्यांदा उठतो. एकदाच जाऊन परत आलात तर त्यात रुसलेल्याचा अपमान. चौथ्यांदा जावं लागलं तर त्यात काढणाऱ्याची नाचक्की. आणि दर वेळेला मध्ये चांगलं अंतर ठेवायचं, लोकांना दिसलं पाहिजे. जवळ जाऊन नाना त्या माणसाचा हात धरतात आणि ठरलेलं वाक्य म्हणतात, "आमनं चुकनं, भाऊ. मन मोठं करा, नि ऊठा." चूक अर्थातच नानांची नसते. यजमानाची असते, नाहीतर त्याच्या मेव्हण्याची असते. पण दुसऱ्याची चूक इतक्या मनापासून कबूल करणारा माणूस आख्ख्या डिंडोलीत नाही.

एरवी नाना लूम्सच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्तर आहेत. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे ते जरा मोठ्यानं बोलतात, आणि शांततेत त्यांना झोप येत नाही. घरी पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. आजवर मिळालेल्या टोप्या आणि टॉवेल तिच्यात रचून ठेवले आहेत. त्यातले काही टॉवेल इतक्या लग्नांतून फिरून आलेत, की त्यांना सोयऱ्यांची नावं पाठ असतील. त्या टॉवेलांनी कोणी कधी तोंड पुसलेलं नाही. टॉवेल तोंड पुसायला असतो असं म्हटलं, तर नाना त्या माणसाच्या अकलेची कीव करतील.

आणि अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात एक रुसवा तीन वर्षं तसाच पडून होता.

नानांची एकुलती एक लेक योगिता. कपड्याच्या डिझाइनचा डिप्लोमा केला, सुरतेत थोडी नोकरी केली, आणि मग लुधियान्याला, स्वेटर विणणाऱ्या एका कंपनीत गेली. तिथे तरनजीत नावाच्या मुलाशी तिचं जमलं. मुलाचे वडील निरंजनसिंग. घराखालीच चार मशीन टाकून लोकरीच्या टोप्या विणायचा त्यांचा धंदा. त्यांनी स्वतः नानांना फोन केला, लग्नाचं आमंत्रण दिलं, गोड बोलले.

फोन ठेवून नाना बायकोला म्हणाले, "फोनवर कधी आवतन ऱ्हास का? घर येवाले पाहिजे, अक्षत देवाले पाहिजे."

चंद्रभागाबाईंनी हे लेकीला कळवलं. लेकीनं सासऱ्याला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी निरंजनसिंगांचा पुन्हा फोन, आम्ही विमानानं येतो, अक्षत काय असते ते सांगा, घेऊन येतो. त्यावर नानांनी डोक्याला हात लावला. मागून घेतलेला मान हा काय मान असतो?

जातीचं नाव नानांनी एकदाही काढलं नाही. ते काढायची वेळ येऊ नये म्हणूनच तर मानपान असतो. खरं सांगायचं तर नाना घाबरले होते. शंभर लग्नांत ज्यानं दुसऱ्यांच्या सोयऱ्यांना रांगेनं पाटावर बसवलं, त्याच्या लेकीच्या लग्नात पाटावर कोणाला बसवायचं आणि कोण बसणार, हेच त्यांना उमगत नव्हतं. म्हणून त्यांनी सोपं केलं. खात्यातून सुट्टी मिळत नाही असं सांगितलं आणि लग्नाला गेले नाहीत. चंद्रभागाबाईंनाही जाऊ दिलं नाही.

नंतर माय-लेकीचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. कॉल लागला की नाना उठून फोनच्या मागे जाऊन उभे राहायचे. कॅमेऱ्यात दिसायचे नाहीत, पण ऐकायचे एकूणएक. योगिताला सर्दी झालेली तिच्या आईच्या आधी त्यांना कळायची. कॉल बंद झाला की विचारायचे, "काय म्हने ती?"

दर दिवाळीला चंद्रभागाबाई लेकीला म्हणायच्या, ये गं. आणि दर दिवाळीला लेक एकच उत्तर द्यायची.

"नाना लेवाले उनात त येसू."

आता यात तिचं काय चुकलं? सासुरवाशीण आपली आपण उठून माहेरी येत नसते. तिला आणायला माहेराहून मुराळी जावा लागतो, बाप नाहीतर भाऊ. भाऊ तिला नाही. ही रीत तिला शिकवली कोणी, तर नानांनीच. लेकीनं बापाची वही बापाच्याच तोंडावर उघडून धरली होती आणि नानांना त्यात खोट काढता येत नव्हती. कधी मंदी, कधी मालक सोडत नाही, कधी गाडीचं तिकीट नाही, असं करत तीन दिवाळ्या गेल्या.

यंदा दिवाळीला लूम बंद पडल्या त्या लवकर सुरू होईनात. धाग्याचे भाव चढले होते, मालकांनी सुट्टी लांबवली. सुट्टी नाही हे कारण नानांच्या हातून सुटलं. चंद्रभागाबाईंनी ते हेरलं. भाऊबीजेला महिना उलटला, तशी एका सकाळी त्यांनी चहाचा कप नानांपुढे आदळला.

"तुम्हीन जा, नहीत मी जास. मी गऊ ते परत येवाव नही."

बाई अशी धमकी देणाऱ्यातली नव्हती, म्हणून नाना घाबरले. आणि मनातून त्यांना बरंही वाटलं. कोणीतरी आपल्याला ढकलावं, याची ते तीन वर्षं वाट बघत होते.

लुधियान्याला थंडी असते हे चंद्रभागाबाईंना फोनमुळे माहीत होतं. सुरतेत तेव्हा पंखे गरगरत होते. तरी त्या गोडादऱ्याच्या रस्त्यावर जाऊन, गरम कपडे विकणाऱ्याकडून मातकट रंगाची एक माकडटोपी घेऊन आल्या. नानांनी ती हातात धरून असं काही पाहिलं, की जणू त्यांना साडी नेसायला सांगितली होती.

"पारोयानी थंडी मी उघडा अंगवर काढेल शे," ते म्हणाले. पारोळ्याजवळच्या गावाहून नाना वयाच्या अठराव्या वर्षी निघाले होते, आणि वर्षागणिक तिथली थंडी वाढत गेली होती. आता तर ती हिमालयाच्या बरोबरीला आली होती.

माकडटोपी पिशवीच्या तळाशी गेली. तिच्यावर फराळाचा डबा आला, भरताची हिरवी वांगी आली, आणि सगळ्यांत वर पेटीतला सगळ्यांत चांगला टॉवेल, कडक इस्त्रीची कोरी टोपी, नारळ आणि कुंकवाची पुडी. याह्याला, म्हणजे व्याह्याला, मान लावल्याशिवाय मुराळ्यानं लेकीला नेऊ नये, हीदेखील रीतच. पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि डोक्यावर पांढरी टोपी घालून नाना अमृतसरकडे जाणाऱ्या गाडीत चढले.

दिल्ली मागे पडली आणि पहाटे कोणीतरी डब्याचं दार उघडलं. पारोळ्याची थंडी नानांच्या बाजूनं जी उभी होती, ती तिथेच गळाली. दात वाजू लागले ते थांबेनात. समोरच्या बाकावरच्या पंजाबी बाईनं न विचारता आपली शाल त्यांच्या पायांवर टाकली. नाना नको म्हणणार होते, पण तोंड उघडलं तर दातांचा आवाज आणखी मोठा येत होता. पिशवीच्या तळाशी माकडटोपी आहे हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण मान घेऊन निघालेला माणूस याह्याच्या दारात माकड होऊन कसा उतरेल? कान गेले तरी चालतील, असं ठरवून ते बसून राहिले.

लुधियान्याच्या फलाटावर धुकं इतकं होतं की लेक हाताच्या अंतरावर आली तेव्हा दिसली. अंगात जाड कोट, गाल लाल झालेले, आणि कपाळाची टिकली तीच. ती वाकून पाया पडली. तीन वर्षं फोनच्या मागे उभं राहून नानांनी तिला जे जे सांगायचं ठरवलं होतं, त्यातले दोनच शब्द बाहेर आले.

"कशी शे?"

"बरी शे," योगिता म्हणाली. ती बापाच्या जांभळ्या पडलेल्या कानांकडे बघत होती.

तरनजीतनं गुडघ्याला हात लावून नमस्कार केला. त्याचे केस कापलेले होते आणि डोक्यावर लोकरीची टोपी होती. ती बघून नानांच्या मनावरचं एक ओझं उतरलं. म्हणजे टोपी चालते या लोकांत.

घरी निरंजनसिंग दारातच उभे होते. उंचेपुरे, पांढरी दाढी, डोक्यावर नीट बांधलेली निळी पगडी. त्यांनी नानांना मिठीच मारली. "समधीजी, तीन साल से राह देख रहे हैं." नानांच्या आयुष्यात कोणत्याही याह्यानं त्यांना मिठी मारलेली नव्हती. मिठीत ते लाकडासारखे उभे राहिले, पण ऊब बरी लागली हे त्यांना नाकारता येईना.

चहा आला. वाफा निघत होत्या. नानांची बोटं त्या ग्लासाकडे आपणहून निघाली होती, ती त्यांनी मागे घेतली.

"पहिले मान, बाद में चाय," ते म्हणाले.

त्या घरात पाट नव्हता. एक बसका वेताचा मोडा आणला. निरंजनसिंग आनंदानं त्यावर बसले. सगळं घर गोळा झालं. नानांनी पिशवीतून एकेक वस्तू काढली, डबा आणि वांगी लेकीकडे दिली. थंडीनं हात कापत होते, तरी कुंकवाचा टिळा सरळ लागला. नारळ दिला, तो निरंजनसिंगांनी ओंजळीत घेतला. खांद्यावर टॉवेल टाकला. ते हसत होते, मान डोलवत होते, तरनजीत फोनवर फोटो काढत होता. नानांचा ऊर भरून आला. हे किती सोपं होतं, आणि आपण तीन वर्षं काय करत बसलो? मग त्यांनी कोरी टोपी उचलली, दोन्ही हातांनी उघडली आणि शंभर वेळा म्हटलेलं वाक्य हिंदीत म्हटलं.

"वो फेटा जरा उतारो, याहीबुवा."

आता इथे नानांना मूर्ख म्हणण्याआधी एक ऐका. खान्देशी लग्नात मानाचे सोयरे फेटे बांधूनच बसतात. मान घेताना फेटा काढून मांडीवर ठेवायचा, टोपी घालून घ्यायची, आणि फेटा पुन्हा चढवायचा. सुरतेच्या ट्रान्सपोर्टच्या गल्लीत नानांनी सरदार हजारदा पाहिले होते, पण त्यांना मान लावायचा प्रसंग कधी आला नव्हता. मानपान डोक्यानं करायचा असतो हे नाना विसरून गेले होते. त्यांचे हातच तो करत असत.

खोलीत कोणी हललं नाही. तरनजीतनं फोन खाली केला. योगिता पुढे झाली, "नाना, नही...", आणि थांबली. ही शांतता नानांच्या चांगल्या ओळखीची होती. पंगतीत एखाद्याचा मान राहिला की अशीच शांतता पडते. फक्त आजवर ती दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीनं पडायची.

निरंजनसिंग रागावले नाहीत. ते अगदी हळू बोलले. "समधीजी, ये नहीं उतरती. सिर के साथ ही है."

नानांचे हात टोपी धरून तसेच हवेत राहिले. त्यांच्या पोथीत याला एकच अर्थ होता. टोपी नाही घेतली, म्हणजे सोयरीक नाही घेतली. आणि सोयरीक नाही, तर मुराळी कसला? कोणाची लेक कोण नेणार? स्वतःच्याच रितीनं त्यांना बरोबर कोपऱ्यात गाठलं होतं. त्यांनी टोपी मोड्याजवळच्या स्टुलावर ठेवली, चहाकडे न बघता पिशवी उचलली आणि "थोडा लेटता हूँ" असं म्हणून तरनजीतनं दाखवलेल्या माडीवरच्या खोलीत गेले.

नाना रुसले होते.

खोलीत पलंग होता, त्यावर गादीएवढी जाड रजाई. नाना पलंगाच्या काठावर, दाराकडे तोंड करून बसले. रुसलेल्या माणसानं दाराकडे तोंड करून बसावं, म्हणजे येणाऱ्याला सोपं जातं, हेही त्यांच्या शास्त्रातलंच. आता कोणीतरी येईल. बहुतेक योगिता. तिला सगळं माहीत आहे. पहिल्यांदा आली की आपण मान फिरवायची. त्यांनी मान कोणत्या बाजूला फिरवायची तेसुद्धा ठरवलं. खिडकीच्या बाजूला नको, तिथून वारं येतं.

कोणी आलं नाही.

काही वेळानं त्यांनी पाय वर घेतले. मग नुसते पायच रजाईत घातले. रुसवा आणि रजाई एकत्र शोभत नाहीत हे त्यांना कळत होतं, पण ते पाय आता त्यांचं ऐकत नव्हते. जिन्यावर पावलं वाजली. नानांनी मान फिरवली. पावलं शेजारच्या खोलीत गेली. नानांनी मान परत आणली.

नवागामात लग्न असतं, तर एव्हाना यजमानाच्या घरात धावपळ उडाली असती. इथे खालून हसण्याचे आवाज येत होते. मग घराखाली टोप्या विणणारी मशीन सुरू झाली. खडखड, खडखड. लूमचा आवाज नव्हे, पण तिच्या चुलतभावाचा नक्की. गाडीत रात्रभर नानांचा डोळा लागला नव्हता. त्या आवाजानं घात केला. रुसलेला माणूस रजाईत शिरला आणि ढाराढूर झोपला. रुसव्याच्या इतिहासात असं पूर्वी घडल्याचं नानांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

जाग आली ती वासानं. वांगी भाजल्याचा वास, मग खलबत्त्यात कुटलेल्या हिरव्या मिरचीचा, लसणाचा. खिडकीतून धुकं जाऊन पिवळं ऊन आलं होतं. पोटात कावळे ओरडत होते. आणि मनात एकच गोष्ट टोचत होती. एवढा वेळ झाला आणि एकदाही कोणी आलं नाही.

रजाईतून बाहेर पडताच थंडीनं पुन्हा पकडलं. नानांनी पिशवीत हात घातला, तळापर्यंत नेला, आणि इकडेतिकडे बघून माकडटोपी कानांवरून खाली ओढली. त्या क्षणी त्यांना जे सुख झालं, ते कोणत्याही मानाच्या टोपीनं आजवर दिलं नव्हतं. हे कोणापुढे कबूल करायची त्यांची तयारी नव्हती.

खाली बैठकीत निरंजनसिंग एकटे होते. त्यांनी नानांच्या डोक्याकडे पाहिलं, जवळ आले, टोपीची शिवण दोन बोटांत धरून बघितली आणि हसू लागले. "ये तो हमारी गली का माल है! सूरत से लाए?" म्हणजे टोपी लुधियान्याहून सुरतेला गेली होती आणि आता आपल्या माहेरी परत आली होती. तिला आणायला कोणी मुराळी लागला नव्हता.

मग त्यांनी नानांचा हात धरून कपाटापाशी नेलं. कपाटात घडी घातलेल्या पगड्या रंगारंगानं रचल्या होत्या. सगळ्यांत वरच्या घडीवर नानांची कोरी पांढरी टोपी ठेवलेली होती. शेजारी टॉवेल आणि नारळ.

"सिर पे नहीं आ सकती, समधीजी. सिरवालों में रख दी है."

नाना बघत राहिले. टोपी घातली नव्हती आणि परतही केली नव्हती. अशी तिसरी गोष्ट त्यांच्या पोथीत लिहिलेली नव्हती.  शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, घेतली म्हणायची. नवागामात कोणाला पटो न पटो. चेहऱ्यावर जे उमटलं, ते लपवायला माकडटोपी फार सोयीची निघाली.

"मैं ऊपर आ रहा था," निरंजनसिंग म्हणाले, "बेटी ने रोका. बोली, थके हैं, सोने दीजिए."

बेटीने रोका? नानांच्या कपाळावर आठी चढली. याह्यांचं एक वेळ समजू शकतं, त्यांना रीत माहीत नाही. पण हिला तर माहीत होती! ते तरातरा स्वयंपाकघरात गेले. योगिता ओट्याशी पाठ करून उभी होती, भाजलेल्या वांग्यांची सालं काढत होती.

"मी वर बठेल व्हतू," नाना म्हणाले.

"माले माहीत शे."

"कोनी उनं नही."

"मीच नका म्हनी सांगं."

"मानूस रुसना ते त्याले मनावाले येतस," नाना मोठ्यानं म्हणाले. "एवढंबी शिकाडेल नही का मी तुले?"

योगिताचे हात थांबले. ती वळली नाही.

"शिकाडेल शे ना," ती म्हणाली. "मी तीन वरीस रुशी बठेल शे, नाना. माले मनावाले कोन उनं?"

नानांकडे उत्तर होतं. सुट्टी, मंदी, तिकीट, अक्षत. ती सगळी कारणं त्यांच्यापुढे रांगेनं येऊन उभी राहिली आणि एकाचंही तोंड उघडेना. आख्ख्या सुरतेतले रुसवे ज्यानं काढले, मोटरसायकलवर बसलेल्या परक्या माणसांचे हात ज्यानं धरले, त्यानं आपल्या लेकीकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं. ती पार्किंगमध्ये नव्हती, फोनमध्ये होती, रोज दिसत होती. आणि आपण तिच्या मागे लपून उभे होतो. नानांना स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

ते पुढे झाले. तिचा वांग्यानं बरबटलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. वाक्य तोंडपाठ होतं. पण आजवर त्यातली चूक नेहमी दुसऱ्या कोणाची असायची, म्हणून ते किती जड आहे हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

"मनं चुकनं, माय," नाना म्हणाले. "मन मोठं कर, नि चाल घर."

योगितानं हात सोडवला नाही. तिनं फक्त मान फिरवली, खिडकीकडे, आणि तशीच राहिली.

नाना त्या फिरवलेल्या मानेकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं आणि माकडटोपीच्या आत त्यांचा चेहरा उजळला. पोर रागावून गेली नव्हती. पोर रितीनं चालली होती.

"आधी जेवी ल्या," ती खिडकीकडेच बघत म्हणाली. आवाज ओला होता. "मंग या परत."

नाना जेवले. भरीत तिखट झालं होतं, डोळ्यांतून पाणी आलं ते त्याच्या नावावर खपलं. याह्यानं वाढलेली मक्याची भाकरीही त्यांनी खाल्ली, आणि थंड झालेला सकाळचा चहा टाकून दुसरा गरम केलेला प्यायले. मग आपला फोन काढला आणि घरी कॉल लावला. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते फोनच्या पुढे बसले होते.

सुरतेहून चंद्रभागाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. पडद्यावर मातकट लोकरीत गुंडाळलेला एक चेहरा होता, नाक तेवढं बाहेर.

"कोन शे?"

"मी शे, मी."

"या देवा, तुम्हीन?" त्या हसल्या, आणि मग लगेच हसू आवरून त्यांनी जे विचारायचं ते विचारलं. "पोर येस का?"

नानांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. लेक अजून पाठमोरी होती, पण तिचे कान इकडेच होते. त्यांनी फोन तोंडाजवळ आणला, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले.

"एक व्हयनं," ते म्हणाले. "आजून दोन बाकी शेतस."